घरचा फोन इंटरनेटवर नेताना

आजचा विषय अगदी घरातला आहे. दिल्लीतल्या मराठी घरांत सध्या हा प्रश्न वरचेवर निघतो : "लँडलाइन आता काढून टाकायची का? इंटरनेट आलंच आहे, फोनही त्याच्यावरूनच होतो." मुलगा पुण्याहून किंवा न्यू जर्सीहून हे सांगतो. आईबाबा पहाडगंजला, करोलबागेत नाहीतर मयूर विहारला बसून 'बरं' म्हणतात. पण म्हणताना मनात थोडी धाकधूक असते. ती कशाची असते आणि तिच्यात खरं किती, ते आज बघू.

माझं मत आधीच सांगून टाकतो. फोन इंटरनेटवर न्यायला माझी काहीही हरकत नाही. आवाज चांगला येतो, पैसे कमी लागतात. पण तो जुना फोन बोलण्याशिवाय आणखी दोन-तीन कामं गुपचूप करत होता. त्या कामांचं बिल वेगळं कधी आलं नाही, म्हणून ती आपल्या लक्षातही नाहीत. तार काढली की ती कामं थांबतात. नव्या डब्याबरोबर ती आपोआप येत नाहीत, आपल्याला मुद्दाम लावून घ्यावी लागतात.

थोडा इतिहास सांगतो, फार नाही. दिल्ली आणि मुंबई या दोन शहरांसाठी १ एप्रिल १९८६ ला एमटीएनएल सुरू झाली. त्या काळात फोनसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. घरात फोन आला की शेजारच्या चार घरांचा तो 'पीपी नंबर' होई. पुण्याला, नागपूरला बोलायचं तर रात्री उशिरा दर पाव होत, तेव्हा पिवळ्या पाटीच्या पीसीओसमोर रांग लागे आणि काचेआड लाल आकडे पळताना बघत लोक बोलत. तुमच्यापैकी बरेच जण त्या रांगेत उभे राहिले असतील. तिथे 'कसे आहात' विचारायलासुद्धा पैसे पडत, म्हणून पत्रात लिहायची गोष्ट फोनवर कुणी बोलत नसे.

इंटरनेटवरून बोलणं हे तंत्र म्हणून जुनंच आहे, पण आपल्याकडे त्याला दार फार सावकाश उघडलं. १ एप्रिल २००२ पासून सरकारने इंटरनेट टेलिफोनीला परवानगी दिली, ती अर्धीच. कॉम्प्युटरवरून कॉम्प्युटरला बोला, कॉम्प्युटरवरून परदेशातल्या फोनला बोला. पण कॉम्प्युटरवरून भारतातल्या साध्या फोनला बोलायचं नाही. म्हणजे नोएडातल्या माणसाला इंटरनेटवरून शिकागोतल्या भावाच्या घरी घंटी वाजवता येत होती, करोलबागेतल्या मावशीच्या घरी नाही. १० नोव्हेंबर २०१४ पासून स्काइपनेही भारतातल्या भारतात मोबाइल आणि लँडलाइनला लागणारे कॉल बंद केले. अखेर जून २०१८ मध्ये परवान्यांच्या अटी स्पष्ट झाल्या आणि परवानाधारक कंपन्यांना इंटरनेटवरून साध्या नंबरवर फोन जोडून द्यायची मुभा मिळाली. लगेच जुलैत बीएसएनएलने 'विंग्ज' नावाची सेवा जाहीर केली. वर्षाचे १,०९९ रुपये, मोबाइलमध्ये एक अॅप आणि स्वतंत्र नंबर. तिचा फार गवगवा झाला नाही. गवगवा झाला तो ५ सप्टेंबर २०१९ नंतर, जिओफायबर व्यापारी तत्त्वावर सुरू झालं तेव्हा. फायबरच्या डब्याच्या पाठीमागे फोनची वायर घुसवायला एक छोटं भोक, आणि देशभर बोलणं फुकट. एअरटेलच्या फायबरबरोबरही आता फोन येतो.

हे मी का सांगितलं? अमेरिकेत इंटरनेटचा फोन म्हणजे लोकांनी दुकानातून आणलेला वेगळा डबा होता. आपल्याकडे तो नेटच्या जोडणीत गुपचूप आला. त्यामुळे दिल्लीतल्या कितीतरी घरांत आज 'लँडलाइन' म्हणून जो फोन आहे तो इंटरनेटचाच फोन आहे, आणि घरच्यांना हे माहीत नाही. तुमचा कुठला आहे? सोपी परीक्षा आहे. नेटच्या डब्याचं बटण बंद करा आणि रिसीव्हर उचला. डायल टोन गेला असेल तर तो इंटरनेटचा फोन.

आता 'इंटरनेटवरून फोन' या एका शब्दाखाली लोक तीन वेगळ्या गोष्टी मोजतात, आणि सगळा घोटाळा इथेच होतो.

पहिली म्हणजे व्हॉट्सअॅपसारखं अॅप. इकडे अॅप, तिकडे अॅप, मध्ये टेलिफोन खातं नाहीच. नातवाचं तोंड बघायला याच्यासारखं दुसरं काही नाही. पण त्यावरून बँकेच्या ग्राहक सेवेच्या साध्या नंबरला फोन लागत नाही आणि तातडीच्या सेवेलाही लागत नाही. व्हॉट्सअॅप स्वतःच तसं सांगतं. शिवाय अॅप म्हणजे कायमची सोय नव्हे. आपल्या मुलांनी परदेशात गेल्यावर ज्याच्यावर पहिला व्हिडिओ कॉल केला ते स्काइप ५ मे २०२५ ला बंद झालं.

दुसरी, परदेशातून आणलेला डबा. व्हॉनेज, मॅजिकजॅक ही नावं तुम्ही ऐकली असतील. मुलगा सुट्टीत येताना घेऊन येतो, राउटरला जोडतो, आणि गुरुग्रामच्या बैठकीत अमेरिकेचा नंबर वाजू लागतो. मुलाला तो तिकडे लोकल पडतो. छान आहे, पण तो फोन अमेरिकेचा आहे हे विसरू नका. त्यावर आपलं ११२ लागेल असं धरूच नका. तातडीचा अमेरिकन नंबर फिरवलात तर तिकडचं कुणीतरी तिकडच्या नोंदवलेल्या पत्त्यावर मदत पाठवायला बघेल. तो डबा मुलाशी बोलण्यापुरता ठेवा. घरचा फोन म्हणून नको.

तिसरी, आपल्याच देशातल्या परवानाधारक कंपनीचा फायबरवरचा फोन, ०११ किंवा ०१२० किंवा ०१२४ चा नंबर असलेला. जुन्या लँडलाइनची जागा घ्यायची लायकी असेल तर या तिसऱ्याची. यापुढे मी त्याच्याबद्दलच बोलतो आहे.

सगळ्यात आधी वीज.

जुन्या फोनच्या तांब्याच्या तारेतून आवाजाबरोबर वीजही यायची. एक्स्चेंजमध्ये मोठमोठ्या बॅटऱ्यांची खोली असे, तिथून ४८ व्होल्टचा पुरवठा तुमच्या घरापर्यंत पोहोचे. घंटी वाजताना तर दाब आणखी वाढे; खांबावर तार हातात धरलेल्या लाइनमनला त्याच वेळी कुणाचा फोन आला की चांगला झटका बसे. म्हणून घरातले दिवे गेले, सगळा मोहल्ला अंधारात बुडाला, तरी काळा फोन जिवंत असायचा. मे-जूनमध्ये दिल्लीत जेव्हा तासन्‌तास वीज जायची, तेव्हा वीज मंडळाला तक्रार करायला हाच फोन उपयोगी पडे, यातली गंमत आपल्या तेव्हा लक्षात आली नव्हती.

फायबर म्हणजे काचेचा धागा. त्यातून प्रकाश येतो, वीज येत नाही. घरातल्या डब्याला घरचीच वीज लागते. ती गेली की फोन गेला.

आता कुणी म्हणेल, आमच्या सोसायटीत जनरेटर आहे. आमच्या ओळखीतल्या एका घरी, गुरुग्रामला अकराव्या मजल्यावर, आजी दुपारी एकट्या होत्या. वीज गेली, जनरेटर सुरू झाला, पंखा फिरू लागला. पण नेटचा डबा लावला होता एसीच्या सॉकेटजवळ, आणि त्या सोसायटीत जनरेटरवर फक्त दिवे-पंख्यांची लाइन येते. आजींना चक्कर आली. त्यांनी फोन उचलला, तर तो मुका. मोबाइल आतल्या खोलीत चार्जिंगला. शेवटी दार उघडून समोरच्यांना हाक मारली म्हणून निभावलं. डबा बसवणाऱ्या पोऱ्याने जिथे रिकामा सॉकेट दिसला तिथे तो लावला होता, आणि कुणी त्याला विचारलंही नव्हतं की ही लाइन बॅकअपवर आहे का.

तर हे विचारायचं. बसवतानाच विचारायचं. जुन्या दिल्लीच्या घरांत इन्व्हर्टर असतो. डबा इन्व्हर्टरच्या सॉकेटवर हवा. इन्व्हर्टर चालू होताना मध्ये जो क्षणभराचा खंड पडतो त्यात डबा बंद होऊन पुन्हा सुरू होतो, आणि त्याला पूर्ण जागं व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात. ते टाळायचं तर राउटरसाठी बारा व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, वहीएवढा. तो दोन-चार तास काढतो. लाजपतराय मार्केटमध्ये किंवा ऑनलाइन कुठेही मिळेल. आणखी एक, घरात एक तरी साधा, वायरवाला फोन ठेवा. कॉर्डलेस फोनच्या बैठकीला वेगळी वीज लागते. डबा चालू आणि कॉर्डलेस बंद, असंही होतं. आणि ज्यांच्याकडे अजून तो चकती फिरवायचा फोन आहे त्यांना सांगतो, त्यावर घंटी वाजेल, बोलताही येईल, पण अनेक नव्या डब्यांना चकतीची भाषा कळत नाही, नंबर फिरणार नाही.

घराबाहेरचं काय? इथे एक फरक नीट समजून घ्या. कंपनीचा फायबर थेट तुमच्या घरात येत असेल तर वाटेतले जे फाटे असतात त्यांना सहसा वीज लागतच नाही. ते नुसती काच असतात. वीज लागते ती पार कंपनीच्या केंद्रावर, आणि तिथे बॅटऱ्या असतात. पण आपल्याकडे लक्ष्मीनगर, उत्तम नगर, गाझियाबादच्या कॉलन्या इथे केबलवाल्याचं नेट असतं. फायबर येतो गल्लीच्या तोंडापर्यंत, आणि तिथून छतावरून छतावर लोंबणारी साधी लॅन केबल. मध्ये कुणाच्या तरी गच्चीवर एक छोटा डबा, त्या घराच्या विजेवर. त्या घरची वीज गेली की तुमचा इन्व्हर्टर कितीही मोठा असो, नेट गेलं. म्हणून भिंतीतून आत येणारी वायर कुठली आहे ते बघा. बारीक, केसासारख्या धाग्याची आणि डब्यात हिरव्या किंवा निळ्या टोपीने लागणारी असेल तर ती फायबर. जाड, आठ तारांची, कॉम्प्युटरला लावतात तशी असेल तर घरचा फोन तिच्या भरवशावर सोडू नका.

आता तातडीची मदत. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण आपण दिल्ली एनसीआरमध्ये राहतो.

इथे तीन राज्यांच्या पोलीस यंत्रणा एकमेकींना खेटून आहेत. ११२ सगळीकडे एकच नंबर, पण तो उचलणारी माणसं वेगळी. उत्तर प्रदेशचं ११२ चं मुख्यालय लखनौला, हरियाणाचं केंद्र पंचकुलाला, दिल्लीचं दिल्लीत. मयूर विहार आणि नोएडा यांच्यामध्ये एक रस्ता. सीमेवर मोबाइल कधीकधी पलीकडचा टॉवर पकडतो, आणि मग तुमचा फोन पलीकडच्या राज्यात उचलला जाऊ शकतो. फोन उचलणाऱ्याला 'आनंदवनाच्या मागे' म्हणून काही कळत नाही. टॉवरवरून साधारण भाग कळला तरी कितवा मजला, कुठलं दार, हे टॉवर सांगत नाही. लँडलाइनचा नंबर मात्र एका पत्त्याशी बांधलेला असतो आणि कंपनीच्या नोंदीत तो पत्ता असतो. म्हातारं माणूस घाबरलेलं असताना पत्ता सांगू शकलं नाही, तर ही नोंद कामाला येते.

फायबरच्या फोनमध्ये हे अर्धं टिकतं. नंबर पत्त्याशी बांधलेला आहे, ११२ लागतं. पण याच फोनचं अॅप मोबाइलमध्ये घालून तोच घरचा नंबर बाहेरूनही वापरता येतो, आणि तिथे गफलत होते. तुम्ही फरिदाबादला मुलीकडे गेला आहात, तिथे तब्येत बिघडली आणि त्या अॅपवरून मदत मागितली, तर नंबर सांगतो द्वारका. नंबर तुमच्याबरोबर फिरतो, पत्ता घरीच राहतो. २०१७ मध्ये ट्रायने शिफारस केली तेव्हाही तातडीच्या कॉलची सक्ती करा असं म्हटलं नव्हतं. मर्यादा काय आहेत ते ग्राहकाला सांगा, एवढंच म्हटलं होतं. ते 'सांगणं' कुठल्या तरी अटींच्या यादीत बारीक अक्षरात असतं, आपण कधी वाचतो?

तेव्हा नियम साधा ठेवा. घरात आहात तर घरच्या वायरवाल्या फोनवरून ११२. बाहेर आहात तर मोबाइलच्या साध्या कॉलने ११२, कुठल्याही अॅपमधल्या नंबरवरून नाही. आणि फोनच्या वर भिंतीवर एक कागद चिकटवा : पूर्ण पत्ता, मजला, जवळची ठळक खूण, सोसायटीच्या गेटचा नंबर. हिंदीत लिहा. फोन करणारी कदाचित घरात काम करणारी बाई असेल.

इंटरकॉमचाही विचार करा. काही सोसायट्यांत गेटवरचा इंटरकॉम आणि लँडलाइन एकाच यंत्रावर असतात. लँडलाइन कापली आणि गेटवरून फोन येणं बंद झालं असं व्हायला नको. सोसायटीच्या ऑफिसात एकदा विचारून घ्या.

आता नंबर. इथे बहुतेकांना धक्का बसतो. मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, हरियाणात ती सोय २५ नोव्हेंबर २०१० ला सुरू झाली आणि देशभर २० जानेवारी २०११ ला. सगळ्यांना वाटतं लँडलाइनलाही तसंच असेल. तसं नाही. ती सोय फक्त मोबाइलला आहे. जुना ०११-२ ने सुरू होणारा नंबर दुसऱ्या कंपनीच्या फायबरवर नेता येत नाही. नवा नंबर घ्यावा लागतो. दिल्लीहून नोएडाला घर बदललंत तर कोडच बदलतो.

चाळीस वर्षांचा नंबर म्हणजे काय असतं? इंदूरच्या आत्याच्या डायरीत तो आहे. १९९० च्या लग्नपत्रिकेत आहे. जुन्या बँकेच्या खात्यात, विमा पॉलिसीत, पेन्शनच्या कागदात, गॅसच्या पुस्तकात, गावच्या सातबाऱ्याचं काम बघणाऱ्या वकिलाकडे आहे. कुणीतरी तीन वर्षांतून एकदा, फक्त वाईट बातमी द्यायला, त्याच नंबरवर फोन करतं. तो नंबर परत दिला की तो पुढे दुसऱ्या कुणाला मिळू शकतो. तुमच्या नावाची चौकशी अनोळखी माणूस ऐकणार.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की, दोन्ही फोन निदान तीन-चार महिने बरोबर चालू ठेवा. भाडं जाईल, जाऊ द्या. त्या काळात जुन्या फोनजवळ वही ठेवा. जो जो फोन येईल त्याला नवा नंबर सांगा आणि नाव टिपा. बँक, विमा, पेन्शन, गॅस यांना आपण होऊन कळवा. आणि जुनी जोडणी ज्या कंपनीची, तिच्याकडे आधी चौकशी करा की त्यांच्याच फायबरवर तोच नंबर ठेवून बदलून मिळतो का. काही भागांत मिळतो. एमटीएनएलचा कारभार आता बीएसएनएलच्या हाती आहे. त्याआधी ३१ जानेवारी २०२० ला एमटीएनएलचे १४,००० हून अधिक कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीने बाहेर पडले, त्यात तुमच्या गल्लीचा प्रत्येक खांब ओळखणारे लाइनमनही होते. तेव्हा चौकशी फोनवर न करता ऑफिसात जाऊन करा, आणि सकाळी जा.

बिल कुणाच्या नावाने, हेही बघा. पासपोर्टसाठी पत्त्याच्या पुराव्यात लँडलाइनचं बिल चालतं. जुनं बिल बाबांच्या नावाने होतं. नवी जोडणी मुलाने बंगळुरूहून स्वतःच्या नावाने केली, तर घरात राहणाऱ्या माणसाच्या नावाचा एक कागद कमी झाला. फोन बिघडला की तक्रारही ज्याच्या नावाने जोडणी त्याच्या मोबाइलवर कोड पाठवूनच घेतात. मुलगा मीटिंगमध्ये, आईबाबा फोनशिवाय.

आवाजाबद्दल फार बोलत नाही, कारण तिथे काळजीचं कारण कमी आहे. एका बोलण्याला सेकंदाला साधारण ९० किलोबिट लागतात, तुमचं नेट त्याच्या शेकडोपट आहे. बिघाड होतो तो वेगामुळे नाही, उशिरामुळे. शब्द एका बाजूने निघून दुसरीकडे पोहोचायला १५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त लागले की दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. करोलबागेच्या जुन्या घरांच्या जाड भिंतींत वायफाय अडखळतं, म्हणून वायफायवरच्या अॅपपेक्षा डब्याला वायरने लावलेला फोन केव्हाही चांगला. हो, आणि १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला लावताना आधी शून्य फिरवायचा नियम आहे, तो फायबरच्या फोनलाही आहे. 'नवा फोन लागतच नाही' या तक्रारीत निम्म्या वेळा शून्य राहिलेला असतो.

एक सावधगिरी. असे फोन येतात : "दूरसंचार विभागातून बोलतो आहोत, दोन तासांत तुमचा फोन बंद होणार, नऊ दाबा." तुम्ही नुकताच नवा फोन घेतलेला असतो, वाटतं खरंच असेल. ट्राय कुणालाही असा फोन करत नाही. नऊ दाबू नका, ठेवून द्या. पैसे गेलेच असतील तर त्याच मिनिटाला १९३०.

आता शेवटचं काम. सगळं बसवून झालं की एखाद्या रविवारी दुपारी, घरात माणसं असताना, मेन स्विच बंद करा. घड्याळ लावा. इन्व्हर्टर किंवा यूपीएसवर फोन किती वेळ चालतो ते बघा. त्या वेळात मुलाला फोन करा, त्याला परत करायला सांगा. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला, चष्मा न लावता, नंबर फिरवायला सांगा. मोठ्या आकड्यांचा फोन घ्यायचा की नाही ते तिथेच ठरेल. हे दोनदा जमलं, वहीतली नावं संपली, की मग जुन्या कंपनीच्या ऑफिसात अर्ज घेऊन जा. शेवटचं भरलेलं बिल आणि अनामत रकमेची पावती बरोबर ठेवा, यंत्र परत केल्याची पोच घ्या, आणि अनामत परत येईपर्यंत ती पोच जपून ठेवा.